निओबियमवर चढवलेलं तांबं: रोध शून्य दिसला म्हणून तांबं सुपरकंडक्टर झालं का?

रत्नागिरीच्या एका एम.एस्सी. करणाऱ्या मुलीने विचारलं आहे: प्रकल्पासाठी सिलिकॉनच्या चकतीवर निओबियम या धातूचा १०० नॅनोमीटरचा थर आणि त्यावर तांब्याचा ३०० नॅनोमीटरचा थर चढवून घेतला. वरून चार तारा लावल्या आणि नमुना द्रव हेलियममध्ये सोडला. ९ केल्विनच्या आसपास रोध धाडकन शून्यावर आला. तारा तर तांब्याला लावल्या होत्या, मग तांबं सुपरकंडक्टर, म्हणजे वीज बिनरोध नेणारं, झालं का? आणि सुपरकंडक्टर शेजारी असला की साध्या धातूच्या इलेक्ट्रॉनांमध्ये नेमकं काय बदलतं, किती आतपर्यंत?

पहिल्या प्रश्नाचा निकाल आधी लावतो, कारण त्या खड्ड्यात मीही पडून आलोय. तुम्हाला दिसलेला शून्य रोध तांब्याचा नाही. तुमच्या तारांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर, आणि तांब्याच्या खाली अवघ्या ३०० नॅनोमीटरवर निओबियम पसरलेला. ९.२ केल्विनच्या खाली निओबियमचा रोध गेला की वीज तांब्यातून आडवी कशाला जाईल? ती पहिल्या तारेखाली सरळ खाली उतरते, निओबियममधून फुकटात पलीकडे जाते आणि शेवटच्या तारेखाली पुन्हा वर येते. मधल्या दोन तारा, ज्यांच्यावर तुम्ही व्होल्टेज मोजता, त्यांना खालच्या निओबियमचाच सपाट विभव दिसतो. डोंगराला बोगदा पडल्यावर घाट कोण चढतो? घाट जागेवरच असतो, त्याची चढण तेवढी कोणाला जाणवत नाही.

पण म्हणून तांब्याला काहीच झालं नाही, असंही नाही. खरी गंमत तिथेच आहे.

मी तीस वर्षं मुंबईत पातळ थर चढवले आणि ते थंड करून मोजले. आता मुक्काम भाट्याच्या खाडीकाठी. काजळी नदी इथे समुद्राला मिळते, पण समुद्र कुठे संपला नि नदी कुठे सुरू झाली, ते कोणी बोट ठेवून दाखवू शकणार नाही. मुखाशी खारं, वर जाल तसं मचूळ, आणखी वर गोडं. वैशाखात नदीची धार बारीक झाली की खारेपणा आत चढतो. आषाढात पूर आला की तोच मुखापर्यंत मागे रेटला जातो. नदीने मीठ तयार केलेलं नसतं, ते समुद्राकडून आलेलं असतं. तांब्यात शिरणारी सुपरकंडक्टिव्हिटी बरीचशी अशीच आहे. तापमान हा तिचा पावसाळा: नमुना जितका थंड, तितकी ती आत चढते.

आता मिठाच्या जागी काय, ते पाहू. निओबियममध्ये स्फटिकाच्या कंपनांच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनांत किंचित आकर्षण तयार होतं आणि त्यांच्या कूपर जोड्या बनतात. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये हा सिद्धांत मांडला. तांब्यात असं पुरेसं आकर्षण नाही. तांबं, चांदी, सोनं हे आजवर गाठलेल्या कुठल्याही तापमानाला आपण होऊन सुपरकंडक्टर झालेले दिसलेले नाहीत. पण निओबियममध्ये जमलेल्या जोडीची तरंगावस्था सीमेवर येऊन कापल्यासारखी थांबत नाही, ती तांब्यात उतरते. म्हणजे तांब्यात जोडी आहे, पण जोडी जमवणारा मध्यस्थ नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विद्यार्थ्यांचा निम्मा गोंधळ त्या एकच समजण्यातून होतो. मध्यस्थ नसल्यामुळे तांब्यातली जोडी टिकवून धरणारं कोणी नसतं; ती निघताना जुळलेली असते आणि चालता चालता विस्कटते.

विस्कटते कशी, इथे खाडीची उपमा सोडावी लागते, कारण मिठाला ताल नसतो. शिमग्यात ढोलाच्या तालावर नाचत निघालेले दोघे डोळ्यांसमोर आणा. वळण ओलांडून ढोल ऐकू येईनासा झाला तरी त्यांची पावलं काही वेळ जुळलेली राहतात. मग एकाची चाल किंचित जलद, दुसऱ्याची किंचित मंद, असं करत करत ताल सुटतो. दोघांच्या चालीत जितका कमी फरक, तितके ते दूरपर्यंत जुळून जातात. तांब्यातल्या जोडीत हा फरक ऊर्जेचा असतो, आणि उष्णतेमुळे तो साधारण तापमानाच्या प्रमाणात वाढतो. १ केल्विनलासुद्धा ताल सुटायला काही पिकोसेकंदच लागतात. तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन जिथवर पोचला, तिथवर सुपरकंडक्टरचा शेजार.

हे सीमेवर प्रत्यक्षात कसं घडतं ते १९६४ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर आंद्रेयेव यांनी उलगडलं. तांब्यातला एक इलेक्ट्रॉन निओबियमकडे निघाला आहे. निओबियममध्ये एकट्या इलेक्ट्रॉनला फर्मी पातळीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जेच्या पायऱ्यांच्या वरच्या काठाच्या, आजूबाजूला जागाच नाही; तिथे साधारण दीड मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची गॅप आहे, म्हणजे एकही पायरी नसलेली ऊर्जेची फट. जोडीने आलात तरच प्रवेश. मग हा इलेक्ट्रॉन तांब्यातलाच उलट्या संवेगाचा, उलट्या स्पिनचा (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनची अंगभूत फिरकी) एक जोडीदार घेऊन आत जातो. तो जोडीदार जिथून उचलला तिथे तांब्यात पोकळी राहते, तिला आपण होल म्हणतो. आणि हा होल, मूळ इलेक्ट्रॉन ज्या वाटेने आला जवळजवळ त्याच वाटेने, मागे मागे जातो. साध्या आरशावर तिरपा टाकलेला चेंडू दुसऱ्या बाजूला तिरपा जातो. इथे तो फेकणाऱ्याच्या हातात परत येतो. तांब्याच्या बाजूने पाहिलं तर ‘जोडी तांब्यात शिरली’ याचा अर्थ एवढाच: इलेक्ट्रॉन आणि त्याच्या वाटेने परतणारा होल यांचा ताल जुळलेला आहे.

यातून निघणाऱ्या दोन गोष्टी मला अजूनही सुंदर वाटतात. एक, प्रत्येक खेपेला एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉनांचा विद्युत्भार पार जातो, त्यामुळे अगदी स्वच्छ, बारीक संपर्काची वाहकता गॅपच्या आत दुप्पट होते. दुसरी, भार जातो पण उष्णता जात नाही. होल जवळजवळ तितकीच ऊर्जा घेऊन मागे फिरतो. आंद्रेयेव मुळात हाच प्रश्न सोडवत होते: अर्धवट सुपरकंडक्टर अवस्थेत उष्णतेला इतका अडथळा का होतो? थंड प्रयोगशाळेत आम्ही याचा सर्रास फायदा घेतो. वीज न्यायची आहे पण उष्णता येऊ द्यायची नाही, तिथे सुपरकंडक्टरचा तुकडा मध्ये घालायचा.

आता अंतर. दोन टोकाची चित्रं आहेत. तांबं इतकं शुद्ध असेल की इलेक्ट्रॉन न अडखळता धावतो, तर १ केल्विनला ही लांबी साधारण २ मायक्रोमीटर येते. पण तुमच्यासारख्या पातळ थरात इलेक्ट्रॉन पदोपदी ठेचकाळतो. अशा थराचा विसरण गुणांक, म्हणजे ठेचकाळत इलेक्ट्रॉन किती झपाट्याने पसरतो त्याचं माप, सेकंदाला १०० चौरस सेंटिमीटर धरला तर १ केल्विनला लांबी ११० नॅनोमीटर आणि तुमच्या द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला जेमतेम ५५ नॅनोमीटर. तुमचं तांबं ३०० नॅनोमीटर जाड. म्हणजे खालून निघालेल्या जोडीचा प्रभाव वरच्या पृष्ठभागापर्यंत हजारात चार-पाच भाग उरतो. तुमच्या तारा जिथे टेकल्या होत्या तिथलं तांबं जवळपास रोजचंच तांबं होतं.

हाच नमुना ०.१ केल्विनला नेला तर लांबी साडेतीनशे नॅनोमीटर होते आणि चित्र पार बदलतं. मग तांब्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांची, म्हणजे त्यांना बसायला असलेल्या ऊर्जेच्या पायऱ्यांची, मांडणीच हलते. साध्या तांब्यात फर्मी पातळीभोवती अवस्था सपाट पसरलेल्या असतात. सुपरकंडक्टरच्या शेजारी त्या मधून ओसरतात आणि दोन्ही बाजूंना साचतात. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या सॅक्लेच्या गटाने अॅल्युमिनियमला जोडलेल्या तांब्याच्या तारेवर वेगवेगळ्या अंतरांवर टनेल जंक्शनं (अतिपातळ विद्युतरोधकातून इलेक्ट्रॉन झिरपू देणारे सांधे) बसवून हे थेट मोजलं. जवळच्या ठिकाणी खळगा खोल, लांबच्या ठिकाणी उथळ आणि अरुंद. त्या गटात मिशेल डेव्होरे होते, ज्यांना २०२५ चं नोबेल मिळालं. त्यांच्यासोबत ते मिळालेले जॉन क्लार्क यांनीही उमेदीच्या वर्षांत शिसं-तांबं-शिसं अशा सँडविचांतून वाहणाऱ्या अतिप्रवाहावर (व्होल्टेजशिवाय वाहणाऱ्या प्रवाहावर) काम केलं होतं. नोबेल वेगळ्या कामासाठी, पण दोघांचेही हात या तांब्यात मळलेले.

तांबं दोन सुपरकंडक्टरांच्या मध्ये बंदिस्त असेल तर खळगा नुसता खळगा राहत नाही, खरीखुरी छोटी गॅप उघडते. तिचा आकार निओबियम ठरवत नाही, तांब्याची लांबी ठरवते: इलेक्ट्रॉनला या टोकापासून त्या टोकापर्यंत भटकत जायला जितका वेळ, तितकी गॅप लहान. तांबं ५०० नॅनोमीटर लांब असेल तर त्या वेळेवरून निघणारी ऊर्जा सुमारे २६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते आणि गॅप तिच्या तिप्पट, म्हणजे ८० च्या आसपास. निओबियमच्या गॅपपुढे ही चिल्लर. उलट तांबं वीसेक नॅनोमीटरच असेल नि सीमा स्वच्छ असेल, तर त्याची गॅप जवळपास निओबियमइतकीच होते. आणि दोन्ही बाजूंच्या सुपरकंडक्टरांच्या फेजमध्ये, म्हणजे जोड्यांच्या तरंगांच्या तालात, अर्ध्या आवर्तनाचा फरक पाडला की ही छोटी गॅप चक्क मिटते. रोजच्या तांब्याच्या गुणधर्मावर बाहेरून असा ताबा ठेवता येतो, हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

एक विचित्र गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुम्ही पुढे मोजाल तेव्हा ती तुम्हाला चकवेल. सुपरकंडक्टरला एका टोकाला जोडलेली तांब्याची तार थंड करत गेलात तर तिचा रोध आधी कमी होतो, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत, आणि आणखी थंड केल्यावर पुन्हा वाढून मूळच्या आकड्याकडे परत येतो. पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं तारेचा सांधा सुटला. सांधा शाबूत असतो. जोड्यांमुळे वाहकता सुधारते, पण त्याच जोड्यांमुळे अवस्थाही कमी होतात, आणि अगदी खालच्या तापमानाला हे दोन परिणाम एकमेकांना खोडतात.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी उशिरा सांगतोय, जशी मला ती उशिरा कळली: सीमा. एका जुलैत मी निओबियमचा थर चढवला. तांब्याची भट्टी शेजारच्या दुसऱ्या निर्वात पेटीत होती. नमुना चिमट्यात धरून बाहेर काढला, दहा पावलं चाललो आणि दुसऱ्या पेटीत ठेवला. बाहेर मुसळधार, खोलीत भिंतींना पाणी सुटलेलं. तीन महिने मोजलं, तांब्यात शेजाराची नामोनिशाणी नाही. मी विसरण गुणांकाला दोष दिला, थर्मामीटरला दिला, हेलियमला दिला. दोष त्या दहा पावलांचा होता. निओबियमला हवा लागली की त्यावर काही नॅनोमीटर ऑक्साइड बसतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्यावर पाण्याचा थरही. हा खारभूमीचा बांधच म्हणा. बांध घातल्यावर खारं पाणी शेतात कुठून येणार? पुढच्या खेपेला तांबं चढवण्याआधी आर्गॉनच्या आयनांनी पृष्ठभाग खरवडला आणि दोन्ही थर निर्वात न मोडता एकाच पेटीत चढवले. पहिल्यांदा थंड केला तेव्हाच सगळं दिसलं.

बांध इतका का बाधतो, त्याचा हिशेब सोपा आहे. आंद्रेयेवच्या व्यवहारात दोन इलेक्ट्रॉनांना बांध ओलांडावा लागतो. एकट्याला ओलांडायची शक्यता शंभरात एक असेल तर दोघांना मिळून दहा हजारात एक. गंमत म्हणजे इथे तांब्यातला मळ मदतीला येतो: अडखळणारा इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा त्याच सीमेवर येऊन आपटतो आणि त्याला अनेक संधी मिळतात. म्हणून मळकट तांब्यात हा आकडा इतका वाईट राहत नाही. त्या भरवशावर मात्र राहू नका.

उलट दिशेचा परिणामही असतो. आषाढात काजळीचं गढूळ पाणी मुखाबाहेर समुद्रात दूरवर जातं आणि तिथला समुद्र कमी खारा होतो. तसंच तांबं निओबियमची सुपरकंडक्टिव्हिटी पातळ करतं. तुमचा निओबियम १०० नॅनोमीटर असल्याने फार फरक दिसला नसेल. तो १० नॅनोमीटरचा असता तर संक्रमणाचं तापमान चांगलंच खाली घसरलं असतं. याचा उपयोग दुर्बिणींच्या संवेदकांत होतो. मॉलिब्डेनम एकटं ०.९२ केल्विनला सुपरकंडक्टर होतं. त्यावर मोजून मापून सोनं किंवा तांबं चढवलं की संक्रमण ०.१ केल्विनच्या जवळ आणता येतं. रोध कोसळण्याच्या त्या तीव्र उतारावर थर अलगद टेकवून ठेवला की क्ष-किरणाचा एकेक फोटॉन मोजता येतो. दोन धातूंच्या जाडीचं गणित म्हणजे तिथे आमटीतलं मीठ: जरा हात चुकला की सगळा घाणा वाया.

आता याच शेजाराचा त्रास कुठे होतो ते सांगतो, कारण ते तुमच्या अगदी जवळ आहे. एमआरआयच्या यंत्रात रुग्ण ज्या नळकांड्यात झोपतो त्याच्या भोवती निओबियम-टायटॅनियमची तार असते, पण ती आतून एकसंध नसते. माझ्याकडे अशा तारेचा वीतभर तुकडा आहे. टोक नायट्रिक आम्लात बुडवलं की तपकिरी धूर निघतो, आम्ल निळं-हिरवं होतं, तांबं विरघळतं आणि मागे उरतो केसांचा झुबका. एकेक केस म्हणजे एक सुपरकंडक्टर तंतू. (घरी करू नका; तो धूर फुप्फुसांना घातक असतो.) तंतूंभोवती तांबं एवढ्यासाठी की एखादा ठिपका तापून सुपरकंडक्टिव्हिटी गेली तर वीज क्षणभर तांब्यातून वळावी आणि तार जळू नये. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणत्वरकात हे तंतू ६ ते ७ मायक्रोमीटर जाडीचे आहेत.

तंतू जितके बारीक तितका चुंबकाचा क्षेत्रदोष कमी, म्हणून अभियंते ते आणखी बारीक ओढू लागले. पण तंतू बारीक झाले की त्यांच्यामधलं तांबंही पातळ होतं, आणि तारेतलं तांबं चांगलंच शुद्ध असतं. ते एका मायक्रोमीटरच्या खाली गेलं की कमी चुंबकीय क्षेत्रात शेजारच्या तंतूंतल्या जोड्या तांबं ओलांडून एकमेकींना भेटतात. मग हजारो बारीक तंतू मिळून एक जाडजूड तंतू असल्यासारखे वागतात आणि सगळी मेहनत पाण्यात. अमेरिकेत टेक्सासमध्ये होऊ घातलेल्या आणि १९९३ मध्ये गुंडाळलेल्या महात्वरकासाठी यावर उपाय निघाला होता: तांब्यात वजनाने अर्धा टक्का मँगनीज. मँगनीजचा प्रत्येक अणू एक चिमुकला चुंबक. जोडीतल्या दोघांचे स्पिन विरुद्ध, त्यामुळे तो एकाला एकीकडे आणि दुसऱ्याला दुसरीकडे खेचून ताल मोडतो. विजेला तांबं जरा वाईट होतं, पण शेजार तुटतो. या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा हा अर्धा टक्का मला जास्त शिकवून गेला.

लोखंड, कोबाल्टसारख्या खऱ्या चुंबकांत तर जोडी काही नॅनोमीटरांतच मोडते, आणि मोडता मोडता तिच्या तरंगाचं चिन्ह (अधिक-उणे) उलटसुलट होतं. २००१ मध्ये रशियात तांबं-निकेलच्या मिश्रधातूवर हे चिन्ह बदलणं पकडलं गेलं. ग्राफीन, अर्धवाहक तारा यांतही हाच शेजार वापरून बरंच काम चाललं आहे. त्यातल्या मायोराना कणांच्या (जे स्वतःच स्वतःचे प्रतिकण मानले जातात त्यांच्या) बातम्या जरा सांभाळून वाचा: २०१८ मध्ये गाजलेला एक निबंध लेखकांना २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला.

तर तुम्ही आता काय करायचं? निओबियम सगळीकडे पसरू देऊ नका. त्याच्या दोन पट्ट्या करा, मध्ये २०० नॅनोमीटरची फट ठेवा, आणि फक्त त्या फटीवरून तांब्याची अरुंद पट्टी टाका. आता विजेला तांब्यातून जाण्याशिवाय इलाज नाही. ९ केल्विनला रोध पडेल पण शून्य होणार नाही. जो उरेल तो फटीतल्या तांब्याचा आणि दोन सीमांचा. तापमान आणखी उतरवत गेलात आणि सीमा स्वच्छ असतील, तर एका टप्प्यावर तोही जाईल. तो मात्र खरोखर तांब्यातून वाहणारा अतिप्रवाह. खात्री करायची असेल तर प्रवाह हळूहळू वाढवा. ठरावीक मर्यादेला व्होल्टेज अचानक उगवेल, आणि लहानसं चुंबकीय क्षेत्र लावलं की ती मर्यादा खालीवर होईल. ४.२ केल्विनला ती मर्यादा फारच लहान असेल, कारण फट आपल्या ५५ नॅनोमीटरच्या जवळजवळ चौपट आहे. शक्य असेल तर हेलियमवर पंप लावून दीड केल्विनपर्यंत जा. मोजणीचा प्रवाह सुरुवातीला मायक्रोअँपियरमध्येच ठेवा, नाहीतर मर्यादा आधीच ओलांडलेली असेल आणि तुम्ही म्हणाल, काहीच दिसत नाही.

आणि थर पावसाळ्यात चढवणार असाल तर दोन्ही एकाच पेटीत.